आपल्याच कामाविषयी सांगताना जीभ का अडखळते?

दरवर्षी जूनमध्ये शाळेचे प्रवेश सुरू झाले की अर्जात एक रकाना भरावा लागतो, ‘पालकाचा व्यवसाय’. वडिलांच्या नावापुढे ‘यंत्रमाग कामगार’, ‘रिक्षा’, ‘फळविक्री’ असे काहीतरी लिहिले जाते आणि आईच्या नावापुढे ‘घरकाम’. आम्ही कधी कधी मुद्दाम विचारतो, “आणखी काही करता का?” उत्तर येते, “काही नाही मॅडम, थोडंफार शिवते.” या ‘थोडंफार’मध्ये महिन्याचे तीस-चाळीस ब्लाउज असतात, ईदच्या आधी पंधरा दिवस रात्री दोन वाजेपर्यंत चालणारे मशीन असते आणि त्या पैशातून भरलेली मोठ्या मुलाची फी असते.

या बाया खोटे बोलत नसतात. ‘व्यवसाय’ हा शब्द दुकान, पाटी आणि गल्ला असणाऱ्यांसाठी आहे, असे त्यांना मनापासून वाटते. आणि जे काम स्वतःलाच काम वाटत नाही, त्याविषयी चार लोकांना जाऊन सांगायचे तरी कसे?

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही आमच्या भागातल्या काही छोट्या व्यावसायिकांशी ठरवून बोललो. शिलाई करणाऱ्या दोघी, घरून मसाला विकणाऱ्या एक भाभी, मेंदी काढणारी कॉलेजची मुलगी, बेकरीवाले चाचा, अत्तर-टोप्यांचे दुकान चालवणारा एक तरुण आणि दुचाकी दुरुस्त करणारे एक पालक. विचारायचे दोनच प्रश्न होते. गिऱ्हाईक कसे येते? आणि ते यावे म्हणून तुम्ही काय करता? पहिल्याचे उत्तर सगळ्यांनी भराभर दिले. दुसऱ्या प्रश्नाला कोणी हसले, कोणी गप्प झाले, कोणी चहा आणायला उठले. त्या गप्प बसण्यामागे काय आहे, ते थोडे उलगडून पाहू.

‘हमारा काम बोलता है’

बेकरीवाले चाचा वडिलांपासून चालत आलेली भट्टी सांभाळतात. खारी, टोस्ट, बटर, नानखटाई. ते म्हणाले, “मॅडम, हमारा काम बोलता है. ज्याचा माल खपत नाही, तो ओरडतो.” यात तथ्य आहे. त्यांची खारी खरोखर चांगली आहे आणि मोहल्ल्यात ती लहान मुलालाही ठाऊक आहे. पण बायपासच्या पलीकडे ज्या नव्या कॉलन्या झाल्या, तिथली माणसे पाकिटातले टोस्ट खातात. त्यांनी चाचांच्या खारीला नावे ठेवलेली नाहीत. अशी बेकरी गावात आहे हेच त्यांना माहीत नाही. काम बोलते हे खरे, पण त्याचा आवाज जिथवर जातो तिथवरच. चाचांच्या मुलाला बायपासच्या कडेला एक पाटी लावायची आहे. दोन वर्षे बापलेकांत त्यावरून कुरबुर चालू आहे. मुलाला वाटते अब्बा जुन्या काळात राहिले. अब्बांना वाटते पाटी दिसली की लोक म्हणतील, यांचा धंदा बसला.

शिलाई करणाऱ्या एकीची अडचण वेगळी. “दारावर कागद लावला तर शेजारी म्हणतील, यांच्या घरात आता भागत नाही.” आपल्या कामाची जाहिरात म्हणजे नवऱ्याच्या कमाईची बदनामी, असे गणित तिच्या मनात पक्के आहे. मेंदी काढणाऱ्या मुलीला भीती वाटते ती जमण्या-न जमण्याची. “एका दिवशी चार ऑर्डरी आल्या आणि एकीची मेंदी रंगली नाही तर? लग्नाचं काम आहे, परत कुणी बोलावणार नाही.” म्हणून ती मैत्रिणींपलीकडे कोणाला सांगत नाही.

अत्तरवाल्या तरुणाला मोबाईलचे सगळे येते. दुसऱ्यांच्या दुकानाचे व्हिडिओ तो हौसेने करून देतो. स्वतःच्या दुकानाचे करत नाही. “स्वतःच स्वतःची तारीफ करायची म्हटलं की मनाला बरं वाटत नाही. त्यात रिया येतोच ना?” शिवाय त्याच्या अम्मीचे म्हणणे, जास्त दाखवले की नजर लागते.

दुसऱ्या शिलाईवाल्या आपांनी एकदा हिंमत करून फोन नंबर असलेला कागद किराणा दुकानात लावला होता. चार दिवसांत रात्री-अपरात्री अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले. त्यांनी कागद काढून टाकला आणि नंबरही बदलला. जुनी गिऱ्हाइके त्या नंबरबरोबरच गेली.

ही सारी माणसे एकच वाक्य बोलतात, ‘आम्हाला जाहिरात आवडत नाही’. पण त्या एका वाक्यात निदान चार निराळ्या गोष्टी दडल्या आहेत. मागायची लाज, आत्मस्तुतीची धास्ती, काम न पेलण्याची भीती आणि स्वतःची सुरक्षितता. चारही एकाच गाठोड्यात बांधल्या की उपाय सापडत नाही. शेवटच्या गोष्टीला तर लाजाळूपणा म्हणणेही चूक आहे. तो शहाणपणा आहे, आणि त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. ती काय, ते पुढे पाहू.

मागणे वेगळे, विकणे वेगळे

मागायची लाज वाटणाऱ्यांसाठी आपल्याच इतिहासात एक प्रसंग आहे. मक्केहून सारे काही मागे सोडून आलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना मदिनेत हजरत सअद बिन रबी (रजि.) यांचे भाऊ मानले गेले. सअद यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. तूप आणि सुके चीज विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ते मदिनेतले मोठे व्यापारी झाले. मदत नाकारून बाजाराचा रस्ता विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे उलटे झाले आहे. नातेवाइकाकडून उसने घ्यायला जीभ धजावते, पण ‘माझ्याकडून मसाला घ्या’ म्हणायला धजावत नाही.

आणि बाईने व्यापार केला तर घराची इज्जत जाते, असे ज्यांना वाटते त्यांनी हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण ठेवावी. मक्केत त्यांचा स्वतःचा व्यापार होता. माल घेऊन शामला जाण्यासाठी त्यांनी ज्या तरुणाची निवड केली, त्याची शिफारस कशाने झाली? गावभर पसरलेल्या त्याच्या अमानतदारीने. ‘अल-अमीन’ ही ओळख आधी त्यांच्या कानावर आली, व्यवहार नंतर झाला. चांगले नाव लोकांच्या तोंडून पुढे जाते ते असे.

नाव हीच पाटी

‘आपल्या बापजाद्यांनी कधी जाहिरात केली नाही’ हे वाक्यही आम्ही अनेकदा ऐकले. ते खरे नाही. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावेच पाहा. मणियार म्हणजे बांगड्या, अत्तार म्हणजे सुगंध, बागवान म्हणजे फळे-भाजी, तांबोळी म्हणजे पाने, पिंजारी आणि नदाफ म्हणजे कापूस पिंजणे, शिकलगार म्हणजे धार लावणे, मोमीन म्हणजे विणकाम. माणसाने नाव सांगितले की काम सांगून झाले. आठवडी बाजारात आणि गल्लीबोळात प्रत्येक धंद्याची हाक ठरलेली असे. बांगड्यावाल्याची हाक आली की लेकी-सुना दारात येत. पिंजाऱ्याला तोंडही उघडावे लागत नसे, त्याच्या पिंजणाच्या तारेचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जाई.

मिरजेचे उदाहरण तर सगळ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. तिथले शिकलगार हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम घटत गेले, तेव्हा त्यांच्यातले काही जण तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेत आदराने घेतले जाते. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे भोपळे आणून त्यांचे तंबोरे आणि सतारी बनू लागल्या. या वाद्यांची ख्याती गायक-वादकांनी पसरवली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. अशा थोर कलावंतांच्या मैफलीत जे वाद्य मागे वाजत होते, त्याला वेगळ्या जाहिरातीची गरज नव्हती. पण कारागिरांनीही एक गोष्ट केली. त्यांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावले. म्हणजे पाटी दुकानावर लागली तशी नावावरही लागली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे वाद्य मिरजेचे आहे, हे आता कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

नाव न लिहिल्याची किंमत काय असते तेही अलीकडेच दिसले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालेले होते. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब तशीच पादत्राणे मांडली आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने या चपलेची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. काम बोलत होते, पण कोणाचे काम ते कोणी सांगितले नव्हते.

जाहिरात आणि इश्तिहार

आम्ही वर्गात उर्दूही शिकवतो आणि मराठीही, म्हणून या दोन शब्दांकडे आमचे लक्ष गेले. उर्दूत जाहिरातीला ‘इश्तिहार’ म्हणतात. त्याचे मूळ ‘शोहरत’ आणि ‘मशहूर’ या शब्दांचेच. मराठीतला ‘जाहिरात’ हा शब्द ‘जाहीर’वरून आला, आणि ‘जाहीर’ म्हणजे अरबीतला ‘ज़ाहिर’, जे उघड आहे, दिसते आहे ते. एका शब्दात नावलौकिक मिळवणे आहे, दुसऱ्यात झाकलेली गोष्ट उघडी करणे.

अत्तरवाल्या तरुणाला आम्ही एवढेच म्हटले, “तू शोहरत मागू नकोस. फक्त जाहीर कर. कोणतं अत्तर, कशाचं, किती मिलिलिटरची शीशी, काय दर, दुकान किती वाजता उघडतं. यात तारीफ कुठं आहे?” तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, “हे तर माहिती झाली.” आम्हालाही तेच म्हणायचे होते. छोट्या धंद्याची जाहिरात नव्वद टक्के साधी माहितीच असते. ‘शहरात नंबर एक’ असे लिहावे लागत नाही.

आणि ज्यांना आत्मस्तुतीची धास्ती वाटते त्यांची भीती पोकळ नाही, हेही सांगितले पाहिजे. बाजारात खोटे खूप आहे आणि त्या खोट्याचा कंटाळा येणे हे जिवंत मनाचे लक्षण आहे. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले निघते, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. पाऊस पडला हा गुन्हा नव्हता. ओले झाकणे हा गुन्हा होता. म्हणजे माल मांडूच नये असे सांगितलेले नाही. उलट नीट, वरखाली एकसारखा मांडा असे सांगितले आहे.

इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याविषयी सांगतात की एका ठाणात खोट होती आणि ती गिऱ्हाइकाला दाखवून मगच ते विकावे असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला. ते कळल्यावर इमामांनी ती सारी रक्कम सदका करून टाकली. दोष सांगणे हाही विक्रीचाच भाग आहे, असे मानणारा हा व्यापारी होता.

बोली लावणाऱ्यांत आपला माणूस उभा करून खोटी किंमत चढवण्याला ‘नजश’ म्हणतात आणि त्याची स्पष्ट मनाई आहे. आज त्याचे रूप बदलले आहे. पैसे देऊन लिहून घेतलेले पाच ताऱ्यांचे अभिप्राय, आत पन्नास नग असताना ‘शेवटचे दोनच शिल्लक’, आधी भाव वाढवून मग दिलेली सवलत, हे त्याचेच भाऊबंद. देशाच्या कायद्यालाही हे मान्य नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे आणि इंटरनेटवरच्या ग्राहक अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक जाहीर केले. तेव्हा खोट्या जाहिरातीची चीड जरूर यावी. पण त्या चिडीपायी खऱ्या मालाचेही तोंड बंद झाले, तर बाजार खोटे बोलणाऱ्यांच्याच हाती जातो.

एका मसाल्याचा हिशेब

मसाला विकणाऱ्या भाभींचे थोडे सविस्तर सांगतो. नवरा यंत्रमागावर आहे आणि माग आठवड्यातून तीन-चार दिवसच चालतो. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला सायन्सला जायचे आहे आणि ते कॉलेज दुसऱ्या गावी आहे. घरात ‘आर्ट्स घे, जवळ आहे’ असे बोलणे सुरू झाले होते. भाभी चार वर्षे मसाला करून ओळखीच्या घरांत देत होत्या. कोणाला आपणहून कधी सांगत नव्हत्या. का, असे विचारले तर म्हणाल्या, “भाव सांगताना जीभ जड होते.”

आम्ही दोघींनी वही घेऊन चार किलोंचा हिशेब मांडला. मिरची, धणे, खोबरे, गरम मसाला मिळून २,००० रुपये. कांडप आणि रिक्षा २००. भाजायला गॅस ६०. पिशव्या ४०. एकूण २,३००, म्हणजे किलोला ५७५ रुपये. त्या विकत होत्या ६०० ला. निवडणे, वाळवणे, भाजणे, चाळणे या दोन दिवसांच्या कामाचे त्यांना मिळत होते शंभर रुपये. आणि त्यातही नात्यातली घरे ‘घरचंच आहे’ म्हणून पन्नास कमी देत. त्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. जिला आपल्या भावाची खात्री नाही, ती तो मोठ्याने सांगणार कशी? जाहिरातीची लाज पुष्कळदा न केलेल्या हिशेबातून येते.

भाव ७५० ठरला. म्हणजे चार किलोंमागे ७०० रुपये सुटतात. मग त्यांनी आमच्या शिक्षक खोलीत अर्धा किलोच्या काही पिशव्या पाठवल्या. तिथे जे प्रश्न आले तेच पुढे त्यांच्या जाहिरातीचा मजकूर झाले. कोणती मिरची? तिखट किती? कधी केला? किती दिवस टिकेल? कांदा-लसूण आहे का? आता प्रत्येक पिशवीवर मुलगीच सुवाच्य मराठीत या गोष्टी लिहिते. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते, तीही त्यांनी केली. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पिशवीवर असतो. एक-दोन जुनी घरे भाव वाढला म्हणून सुटली, नवीन सहा-सात जोडली गेली. मुलगीने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आहे. मसाल्याच्या पैशात बसचा पास आणि पुस्तके निघतात. क्लासची फी अजून निघत नाही. पण ‘आर्ट्स घे’ हे बोलणे घरात बंद झाले.

१९५९ साली मुंबईत गिरगावला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचेच पुढे ‘लिज्जत’ झाले. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलके स्वस्त विकत. त्यांना सल्ला मिळाला की एकच प्रत ठेवा आणि ती कधी घसरू देऊ नका. नाव मोठे झाले ते या शिस्तीवर. जाहिराती नंतर आल्या.

पाटीवर नाव लिहावे का?

दुचाकी दुरुस्त करणाऱ्या पालकांनी एक वेगळाच प्रश्न काढला. गॅरेज नव्या जागी हलवायचे आहे, पाटी रंगवायची आहे. मुलगा म्हणतो, पाटीवर आपले नाव नको, काहीतरी इंग्रजी नाव देऊ. “का?” असे विचारायची गरज नव्हती. अमुकाकडून खरेदी करू नका, असे संदेश मोबाईलवर फिरतात ते मुलेही वाचतात. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावे लावण्याचे आदेश निघाले होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्यांना अंतरिम स्थगिती दिली. खाद्यपदार्थ कोणते ते लावा, नावांची सक्ती नको, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे ही धास्ती मनाचा खेळ नाही.

या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर नाही आणि बाहेरून उपदेश करणेही बरोबर नाही. ज्याच्या चुलीचा प्रश्न आहे त्याने ठरवावे. धंद्याला तटस्थ नाव देण्यात फसवणूक नाही. सगळ्याच समाजांचे लोक तशी नावे देतात. पण आमच्या बेकरीवाल्या चाचांच्या पाटीवर त्यांच्या आजोबांचे नाव आहे, आणि दिवाळीच्या आधी आठवडाभर शेजारच्या पेठेतल्या बायका मैदा, तूप, साखरेचे डबे घेऊन त्यांच्या भट्टीवर नानखटाई भाजून घ्यायला रांग लावतात. पिढ्यान्‌पिढ्याचा हा विश्वास नावासकट आहे. जिथे असा विश्वास आहे तिथे नाव लपवणे म्हणजे कमावलेली पुंजी पुरून ठेवणे. जिथे नाही, तिथे तो आधी कामाने कमवावा. पाटी मात्र मराठीत ठळक असावी. २०२२ पासून राज्यातल्या सगळ्या दुकानांना देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे. शिवाय गिऱ्हाइकाला वाचता येणे हा तर धंद्याचाच फायदा. बाजूला उर्दूही असू द्यावी.

थोडे कामाचे

या सगळ्या बोलण्यातून जे उपयोगी वाटले ते असे.

घरून काम करणाऱ्या बहिणींनी धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने व्यवसायासाठी वेगळे ॲप काढले. त्यात वस्तूंचे फोटो आणि दर लावून ठेवता येतात, कामाची वेळ लिहिता येते आणि त्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जाते. कॉल न घेता फक्त संदेशावर ऑर्डर घेण्याचा नियम करता येतो. ज्यांना नंबर बाहेर द्यायचाच नाही, त्यांनी भावाच्या किंवा ओळखीच्या दुकानाच्या पत्त्यावर ऑर्डर घ्यावी. चेहऱ्याचा फोटो लागत नाही, कामाचा पुरतो. मेंदीच्या मुलीने फक्त हातांचे फोटो लावले, तेही त्या-त्या मुलीची परवानगी विचारून.

फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. कापडाचा रंग फोटोत वेगळा दिसत असेल तर तसे लिहावे. दर लिहावा. ‘दर विचारा’ असे लिहिले की निम्मे लोक विचारतच नाहीत.

पेलेल एवढेच काम घ्यावे आणि तेही जाहीर करावे. ‘ईदसाठी शिलाई अमुक रोजापर्यंतच घेतली जाईल’ हे वाक्य गिऱ्हाईक तोडत नाही, उलट लवकर आणते. मेंदीवाल्या मुलीचा प्रश्न यानेच सुटला. दिवसाला दोन ऑर्डरी, तिसरी दुसऱ्या दिवशी.

जुने मार्ग सोडू नयेत. रमजानमध्ये सहर-इफ्तारच्या वेळापत्रकाखाली छापलेले दुकानाचे नाव महिनाभर स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहते. दिवसातून दोनदा घरातल्या सगळ्यांची नजर त्यावर पडते. आपल्या समाजात याहून स्वस्त आणि टिकाऊ जाहिरात आम्ही पाहिलेली नाही. चार छोट्या धंद्यांनी मिळून एक वेळापत्रक छापले तर खर्चही वाटला जातो. बेकरीच्या चाचांना हा मार्ग पटला. पाटीचे अजून पटलेले नाही.

गिऱ्हाईक म्हणून आपण

विकणाऱ्यांना एवढे सांगितले, तर घेणाऱ्यांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. आपण मोठ्या दुकानात छापील भावाला एक रुपया कमी करून मागत नाही आणि खालाच्या हातच्या शेवयांना मात्र ‘घरचेच’ म्हणून पैसे पुढच्या महिन्यावर टाकतो. उधारी थकली की छोटा धंदा बंद पडतो, आणि मागायची लाज असल्याने ती कोणाला सांगतही नाही. मजुराला घाम वाळायच्या आत मजुरी देण्याची शिकवण शिलाईवाल्या आपांनाही लागू आहे.

तक्रार असेल तर आधी तिला, एकटीला सांगावी. पिको उसवली, मसाला खारट झाला, हे लग्नाच्या मांडवात दहा जणींत बोलले की एका घराची चूल डळमळते.

आणि चांगले वाटले तर ते सांगावे. आपल्या तारीफीने तिला रिया होत नाही, कारण ती तिने स्वतः केलेली नाही. अंगावर छान शिवलेला कुर्ता असेल आणि कोणी विचारले, “कुणी शिवला?” तर “आहेत एक बाई” म्हणून थांबू नये. तिच्या संमतीने तिचे नाव सांगावे, गल्ली सांगावी, आणि शिलाई किती घेते तेही सांगावे.